साक्षीदार किती, काटा कुणाचा: ब्लॉकचेन आणि विद्यापीठीय शिक्षण

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कुठल्याही कॉलेजच्या कार्यालयात विद्यार्थ्याची फाईल उघडून पाहावी. दहावी-बारावीची गुणपत्रके, टीसी, पात्रता प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. मुलगा किंवा मुलगी काय शिकली, याबद्दल त्या फाईलीत फारसे काही नसते. ती कोण, कुठली आणि कशाला पात्र, याचे पुरावे मात्र भरपूर असतात. ब्लॉकचेन हे मुळात पुराव्याचे तंत्र आहे, शिकवण्याचे नव्हे. ते विद्यार्थ्याच्या शिक्षणाला कितपत उपयोगी पडेल हे ठरवायचे, तर पुरावा आणि शिक्षण यांचा सांधा नेमका कुठे आहे, ते आधी शोधावे लागते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पदवीचा कागद खरा आहे का, या प्रश्नाला ब्लॉकचेन चोख उत्तर देते; पण तो प्रश्न त्याहून स्वस्त साधनांनी बराचसा सुटलेला आहे. कागदावर लिहिलेले खरे आहे का, या प्रश्नावर मात्र ब्लॉकचेन गप्प बसते. आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यार्थ्याचे बरेच काही याच दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून राहू लागले आहे.

तंत्र काय करते

एका ओळीची असो की हजार पानांची, कुठलीही संगणकीय फाईल एसएचए-२५६ या गणिती रीतीतून काढली की ६४ अक्षरांची खूण मिळते. तिला हॅश म्हणतात. गुणपत्रकातल्या ५८ चे ६८ केले की खूण पार बदलते, आणि खुणेवरून मूळ मजकूर उलटा काढता येत नाही. नोंदींचा एक गठ्ठा करायचा, त्यात आधीच्या गठ्ठ्याची खूण घालायची, मग पुढच्यात याची. मधली एक नोंद बदलायची तर तिच्यापुढच्या सगळ्या खुणा बदलाव्या लागतात. या वहीच्या प्रती अनेक संगणकांवर, आणि तेही वेगवेगळ्या मालकांच्या, असल्या की गुपचूप फेरफार करणे जवळपास अशक्य होते. शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. मालक वेगवेगळे नसतील, तर ती नुसती एका संस्थेची महागडी नोंदवही.

या कल्पनेचे मूळ बिटकॉइनच्या बरेच आधीचे आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये संगणकीय दस्तऐवजावर काळाचा शिक्का कसा मारावा, यावर निबंध लिहिला. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याच्या नोंदींची एकत्रित खूण न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. लाखो घरांत गेलेला अंक परत गोळा करून बदलता येत नाही, एवढाच त्यामागचा विचार. या माहितीचा उपयोग पुढे होणार आहे.

आणखी एक युक्ती समजून घ्यावी लागेल. समजा, एका दीक्षांत समारंभात ५० हजार पदव्या द्यायच्या आहेत. प्रत्येक पदवीची खूण काढायची, दोन-दोन खुणा जोडून त्यांची नवी खूण करायची, मग त्या जोडायच्या, असे करत वर गेले की शेवटी एकच खूण उरते. याला मर्कल वृक्ष म्हणतात. एकट्या पदवीचा खरेपणा तपासायला बाकीच्या ४९,९९९ पदव्या लागत नाहीत. वाटेतल्या फक्त १६ खुणा पुरतात, कारण दोनाचा सोळावा घात ६५,५३६ होतो. म्हणजे सुमारे अर्धा किलोबाइट माहिती. ५० हजार पदव्यांसाठी साखळीवर नोंदवायची ती एकच ओळ. दर पदवीमागे खर्च येईल आणि वीज जळेल, ही भीती त्यामुळे निराधार ठरते. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने २०२२ मध्ये आपली रीत बदलल्यापासून विजेचा मुद्दा तसाही मागे पडला आहे.

पदवीचा कागद

सायप्रसमधल्या निकोसिया विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रमाणपत्रांच्या खुणा बिटकॉइनच्या साखळीवर नोंदवल्या. अमेरिकेतल्या एमआयटीने २०१७ मध्ये १११ पदवीधरांना अशा पदव्या दिल्या. आपल्याकडे आयआयटी कानपूरने २८ डिसेंबर २०२१ च्या समारंभात तेच केले. महाराष्ट्र फार मागे राहिला असेही नाही. राज्य कौशल्य विकास मंडळाची प्रमाणपत्रे २०२१ मध्ये इथेरियमवर नोंदवायला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात जातीचे सुमारे ६५ हजार दाखले पॉलिगॉन या साखळीवर चढवण्याचे काम निघाले. पुण्या-मुंबईआधी एटापल्ली, हे मला या सगळ्यात विशेष वाटते. दाखल्यावाचून ज्यांचे सगळे अडते, त्यांच्या दारी हे तंत्र आधी पोचले.

आता प्रश्न असा, की डिजिटल सही असताना साखळी कशाला? विद्यापीठाने आपल्या गुप्त किल्लीने गुणपत्रकावर सही केली की कुणीही ती जाहीर किल्लीने तपासू शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक डिपॉझिटरीमार्फत पदव्या डिजिलॉकरमध्ये येतात आणि तिथला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा धरावा, अशी तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांत २०१७ पासून आहे. हिंजवडीतल्या कंपनीला कागलच्या मुलाची बीएस्सीची पदवी तपासायची तर एवढे पुरते. ब्लॉकचेन विकायला येणारे हे सांगत नाहीत. त्यांच्या सादरीकरणात डावीकडे बनावट पदव्यांच्या बातम्यांची कात्रणे असतात आणि उजवीकडे साखळीचे चित्र; मधली डिजिटल सही गायब असते.

साखळीचा खरा उपयोग दोनच ठिकाणी उरतो. पहिले ठिकाण आतल्या माणसाचे. किल्ली ज्याच्या हाती, त्याने २०१८ ची तारीख घालून आज पदवी तयार केली, तर सही खरीच निघेल. त्या वर्षीची एकत्रित खूण त्या वर्षीच बाहेर नोंदवलेली असेल, तरच खोटेपणा उघडा पडतो. दुसरे ठिकाण म्हणजे देणारी संस्थाच बदलणे. सोलापूर जिल्हा २००४ पर्यंत शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होता. त्या साली तिथे स्वतंत्र विद्यापीठ झाले. आज पन्नाशीत असलेल्या बार्शीच्या किंवा पंढरपूरच्या पदवीधराची नोंद कोल्हापुरात आणि त्याच्या मुलीची सोलापुरात. हद्दी बदलतात, कॉलेजे स्वायत्त होतात, समूह विद्यापीठे निघतात, संगणकप्रणालीचे कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे जाते. अशा वेळी कुठल्याही एका कार्यालयावर न विसंबता तपासता येणारी नोंद कामाची ठरते.

पण यासाठी तरी साखळी हवीच का? शिवाजी विद्यापीठाने दीक्षांत समारंभाच्या दुसऱ्या दिवशी ‘पुढारी’त आणि ‘सकाळ’मध्ये ६४ अक्षरांची एक ओळ जाहीर प्रकटन म्हणून छापावी. जिल्हा ग्रंथालयांत, करवीर नगर वाचन मंदिरात, गावोगावच्या वाचनालयांत त्या अंकांच्या फायली राहतील. मागची तारीख घालून पदवी करणाऱ्याला मग हे सगळे अंक बदलावे लागतील. हेबर-स्टॉर्नेटांनी जे केले तेच हे, फक्त कोल्हापुरात. मोबाईलवरून चुटकीसरशी तपासण्याची सोय वर्तमानपत्र देणार नाही हे खरे; ती सोय विद्यापीठाच्या संकेतस्थळाने द्यावी आणि वाद झाला तर अंक साक्षीला काढावा.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा, कारण कोल्हापुरात तो वारंवार ऐकू येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्याखाली होती. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. अनेक घरांतल्या कपाटांतली कागदपत्रे लगदा होऊन निघाली. तेव्हापासून कुठल्याही बैठकीत कुणीतरी म्हणते, की ब्लॉकचेन असते तर पोरांची गुणपत्रके वाचली असती. वाचली नसती. साखळीवर असते ती खूण. खुणेवरून गुणपत्रक परत तयार होत नाही. पुरापासून कागद वाचवतो तो डिजिलॉकर, किंवा साध्या भाषेत दुसरीकडे ठेवलेली प्रत. साखळी एवढेच सांगेल, की जपलेली प्रत मूळचीच आहे.

क्रेडिटची पेढी आणि नावांचा घोळ

पदवी आता अखंड राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. पहिले वर्ष करून बाहेर पडले तर ४० क्रेडिटच्या पुढे प्रमाणपत्र, ८० च्या पुढे पदविका, १२० च्या पुढे पदवी आणि १६० च्या पुढे ऑनर्स, अशी साधारण मांडणी आहे. जमा क्रेडिट सात वर्षांपर्यंत राहतात. स्वयम या सरकारी मंचावरचे अभ्यासक्रमही त्यात धरता येतात.

कोल्हापूर-साताऱ्याच्या खेड्यांत या तरतुदीला मोठा अर्थ आहे. सैन्याच्या किंवा पोलिसांच्या भरतीत निवड झाली की मुलगा एसवायला असताना निघून जातो. मुलीचे लग्न ठरले की तिचे कॉलेज सुटते आणि सासर दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत असते. जुन्या पद्धतीत अशांच्या हाती नापासाच्या शेऱ्यापलीकडे काही उरत नसे. झालेले शिक्षण जमा राहावे आणि पाच वर्षांनी दुसऱ्या गावी पुढे चालू व्हावे, हा विचार विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे. इथे नोंदवही अनेक विद्यापीठांची मिळून असते, त्यामुळे साखळीची कल्पना सिद्धान्ततः चपखल बसते.

व्यवहारात घोडे अडते ते निराळ्याच ठिकाणी. आपल्या गुणपत्रकांवर नाव आडनावापासून सुरू होते: पाटील स्नेहल तानाजी. आधारवर तेच स्नेहल तानाजी पाटील असते, किंवा वडिलांचे नाव गाळून स्नेहल पाटील, किंवा लग्नानंतर भलतेच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक ए, दुसऱ्या ठिकाणी दोन. संगणकाच्या लेखी ही निरनिराळी माणसे. अपार, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, जोडताना अशी नावे जुळत नाहीत आणि विद्यार्थ्याला आधार केंद्र, कॉलेजचे कार्यालय आणि विद्यापीठाचे परीक्षा भवन असा त्रिकोण घालावा लागतो. हा घोळ साखळीवर चढवला तर घोळच पक्का होईल. नाव दुरुस्तीची एक खिडकी आणि तिच्यावर बसलेला जाणता कारकून, हे आजघडीला विद्यार्थ्यांना कुठल्याही ब्लॉकचेनपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

काटा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: लिहिलेले खरे का?

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. काट्यावरची पावती कितीही सुबक छापली, तिच्यावर कितीही शिक्के मारले, तरी काटाच मारलेला असेल तर पावती खोट्या वजनाचा पक्का पुरावा होते. ब्लॉकचेन पावती सांभाळते. काटा ती तपासत नाही.

विद्यापीठात काटा कुठे आहे? लेखी परीक्षेत तो बराचसा विद्यापीठाच्या हाती आहे. प्रश्नपत्रिका परीक्षेच्या वेळी संगणकावरून केंद्रावर पोचते, उत्तरपत्रिका दुसरा तपासतो, पुनर्मूल्यांकनाची सोय असते. पण नव्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आले, समाजसहभाग आला आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण आले. ओजेटीला सहसा ४ क्रेडिट असतात. तासांत मांडले तर सुमारे १२० तास. ही क्रेडिट लेटरहेडवरच्या चार ओळींच्या पत्रावर आणि रबरी शिक्क्यावर मिळतात. ‘सदर विद्यार्थ्याने आमच्याकडे समाधानकारक काम केले.’ मामाच्या दुकानाचे लेटरहेडही चालते. मुलगा गेला होता का, गेला तर झाडू मारत होता की काही शिकला, हे त्या पत्रावरून ब्रह्मदेवालाही कळायचे नाही. अशा पत्राची खूण सरकारी ब्लॉकचेनच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा सेंटरांत जपली, तरी पत्र आहे तसेच राहते.

उलट, कोल्हापूरला या बाबतीत जे उपलब्ध आहे ते थोड्या शहरांना असेल. ऑईल इंजिनांच्या काळापासून वाढलेल्या फाउंड्र्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहेत. इचलकरंजीत माग आहेत, हुपरीत चांदी, गोकुळचा दूध संघ, गुऱ्हाळे, साखर कारखाने. पदार्थविज्ञानाच्या किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला फाउंड्रीत एकच काम नीट दिले, तर काय होईल ते पाहू. साच्यासाठी लागणाऱ्या ग्रीन सँडमधला ओलावा दर पाळीला मोजावा लागतो. तो जास्त झाला की ओतकामात वायूची छिद्रे पडतात. कमी झाला की साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळू मालात शिरते. विद्यार्थ्याने रोज ठरलेल्या वेळी नमुना घ्यायचा, वजन करायचे, सुकवायचा, पुन्हा वजन करायचे, टक्केवारी काढायची आणि त्या पाळीत रिजेक्शन किती झाले ते शेजारी लिहायचे. तीन आठवड्यांनी त्याच्याकडे एक तक्ता असतो. ओलावा आणि रिजेक्शन यांचा संबंध दिसतो का, पावसाळी हवेत तो बदलतो का, हे त्याला विचारता येते. तोंडी परीक्षेत दहा मिनिटांत कळते, की तक्ता त्याने केला की कुणाचा उतरवला.

अशा तक्त्याला साखळीची जोड दिली तर ती अर्थपूर्ण होते. रोजची नोंद त्या दिवशीच फोनवरून चढते आणि पाळीचा सुपरवायझर त्याच दिवशी आपल्या किल्लीने तिच्यावर सही करतो. शेवटच्या रात्री बसून वीस दिवसांचे आकडे रचता येत नाहीत. सुपरवायझरने खोटी सही केली तरी ती त्याच्या नावावर कायमची राहते, आणि एकाच माणसाने एका दिवशी चाळीस जणांना हजर दाखवले, तर तेही दिसते. काटा सुधारला, म्हणून पावतीला किंमत आली. हा क्रम उलटा करता येत नाही.

हेच जर्नललाही लागू आहे. सीनियरचे जर्नल उतरवणे ही आपल्या विज्ञानशाखेची जुनी परंपरा. चॅटजीपीटी २०२२ च्या अखेरीस आले आणि परंपरेला यंत्र मिळाले. असाइनमेंट कुणी लिहिली हे शेवटच्या प्रतीवरून ओळखणे आता बेभरवशाचे झाले आहे, आणि एआय ओळखून देण्याचा दावा करणारी साधने निरपराध मुलालाही गुन्हेगार ठरवतात. उपाय असलाच तर लिखाणाचे टप्पे पाहण्यात आहे: पहिला कच्चा खर्डा, खोडलेले परिच्छेद, शिक्षकांची टिप्पणी, सुधारलेली प्रत. संगणकशास्त्राची मुले वापरतात ते गिट हे साधन २००५ पासून नेमके हेच करते, आणि तेही हॅशच्या साखळीनेच. त्याला ना नाणे लागते ना कंपनी. फक्त शिक्षकाने ते टप्पे वाचायला हवेत. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजे सांभाळणाऱ्या प्राध्यापकाकडून ती अपेक्षा कशी ठेवायची, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या कक्षेबाहेरचा असला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही.

एआयची जमेची बाजूही इथेच सांगून टाकतो. चंदगडच्या किंवा जतच्या मुलाला इंग्रजी पाठ्यपुस्तकातला उतारा रात्री अकरा वाजता मराठीत समजावून देणारे कुणीतरी प्रथमच मिळाले आहे. ते मधूनमधून ठोकून देते हे खरे. पण सरकारचा भाषिणी प्रकल्प आणि तांत्रिक शिक्षण परिषदेचे अनुवादिनी यांमुळे मराठीची सोय वाढते आहे, आणि पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्याला याचा फायदा ब्लॉकचेनच्या कितीतरी पट अधिक आहे.

न पुसता येण्याचा धोका

साखळीवरचे पुसता येत नाही, हा गुण जसा आहे तसाच दोषही. पुनर्मूल्यांकनात गुण बदलतात. नाव बदलते. क्वचित पदवी रद्द होते. म्हणून नोंदीबरोबर ‘ही नोंद रद्द, तिच्या जागी अमुक’ अशी यादी ठेवावीच लागते, आणि तपासणाऱ्याने ती पाहावी लागते. ती यादी विद्यापीठाच्याच हाती असते. म्हणजे मधला माणूस पूर्ण गेला, असे कधीच होत नाही.

गुप्ततेचा मुद्दा अधिक बारीक आहे. खुणेवरून मूळ मजकूर निघत नाही, असे वर म्हटले. पण मजकूर छोटा असेल तर अंदाजाने निघतो. एका विषयाचे गुण ० ते १०० यांपैकीच काहीतरी असणार. पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, माहीत असला, की पीआरएन आणि गुण यांच्या १०१ जोड्यांच्या खुणा काढून जुळवून पाहायला साध्या फोनलाही क्षणभर पुरतो. शेजाऱ्याच्या मुलीला गणितात किती पडले, ते असे कळेल, आणि कायमचे. प्रत्येक नोंदीत एक लांबलचक गुप्त आकडा मिसळला की हा मार्ग बंद होतो. निविदेत ही एक ओळ आहे की नाही, हे पाहिले तरी कंपनीची समज कळते. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो. न पुसणारी साखळी त्याच्याशी नांदवायची तर विद्यार्थ्याची माहिती तिच्यावर जाताच कामा नये, केवळ अशी मिश्रित खूण जावी.

निर्णय कुणाचा

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ नावाची ब्लॉकचेन सेवा सुरू केली. वर ज्या तीन शहरांचा उल्लेख आला, तिथल्या डेटा सेंटरांवर ती चालते. शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेला स्वतःची साखळी उभारण्यापेक्षा ती वापरणे सोयीचे. पण तिन्ही केंद्रे एकाच सरकारी यंत्रणेची आहेत. साक्षीदार खरोखर वेगळे हवे असतील, तर शेजारचे सोलापूर विद्यापीठ, साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ, मोठी स्वायत्त कॉलेजे आणि उद्योजकांच्या संघटना यांनी नोंदवहीची एकेक प्रत आपापल्या संगणकावर ठेवावी. यात तांत्रिक अडचण किरकोळ आहे.

पैशाची अडचण तेवढी किरकोळ नाही. पदवी पडताळणी, ट्रान्सक्रिप्ट, दुबार गुणपत्रक, मायग्रेशन यांच्या शुल्कातून विद्यापीठांना उत्पन्न मिळते. परदेशी जाणाऱ्या मुलाकडून प्रत्येक मोहरबंद पाकिटाचे पैसे घेतले जातात. कुणीही, कुठूनही, फुकट पडताळू शकेल अशी पदवी दिली, की हा झरा आटतो. म्हणून काही ठिकाणी पदवीवर क्यूआर कोड असतो आणि तरीही पडताळणीचे शुल्क चालूच असते. हे शुल्क सोडायचे का, हे व्यवस्थापन परिषदेने आणि अर्थसंकल्पाच्या वेळी अधिसभेने ठरवायचे आहे. आणि ओजेटीच्या चार क्रेडिटसाठी लेटरहेडवरचे पत्र चालेल की रोजच्या नोंदींचा तक्ता लागेल, हे ठरवणे प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळाच्या हाती आहे. त्यासाठी सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही.